हृदयाचा कासरा आणि रक्ताचें दारें

आपल्या विहिरीस उन्हाळ्यांत किती परस पाणी राहतें, पंपाची मोटर किती अश्वशक्तीची आहे, जोडींतला कोणता बैल डाव्या अंगास बरा चालतो, हें शेतकऱ्यास झोपेंतून उठवून विचारलें तरी तो बिनचूक सांगेल. परंतु ज्या यंत्राच्या जोरावर तो स्वतः उभा असतो, त्या छातींतील हृदयाचा व त्यानें ढकललेल्या रक्ताचा कारभार कोण पाहतो, असें विचारल्यास बहुतेक मंडळी गप्प बसतील. आम्हीही त्या गप्प बसणाऱ्यांतलेच होतों. दोन वर्षांपूर्वीं आमच्याच देहानें आम्हांस हा विषय शिकविला; ती हकीकत योग्य जागीं येईल. प्रथम हा कारभार कसा चालतो तें पाहूं, म्हणजे त्या हकीकतींतील चूक कोठें होती हें वाचकांच्या आपोआप ध्यानांत येईल.

रक्तदाब म्हणजे काय

हृदय हें मुठीएवढें, स्नायूंचें, आंतून पोकळ असें यंत्र आहे. विसांव्याच्या वेळीं तें मिनिटास सुमारें ७० वेळां आकुंचन पावतें. म्हणजे एका अहोरात्रांत सुमारें एक लाख ठोके झाले. मिनिटास तें सुमारें ५ लिटर रक्त पुढें लोटतें, आणि प्रौढ मनुष्याच्या अंगांत एकूण रक्तही जवळजवळ तितकेंच असतें. अर्थात् अंगांतील सारें रक्त मिनिटागणिक एक फेरा पुरा करतें. ओझें वाहणें, खणणें अशा कष्टाच्या कामांत हाच उपसा चौपटीपर्यंत जातो.

हें रक्त नुसतें वाहून भागत नाहीं. त्यास जोर असावा लागतो. उभ्या मनुष्याचा मेंदू हृदयाच्या दीड वीत वर असतो, आणि उंचावरच्या वाफ्यास पाणी चढवावयाचें तर पाटांत पातळी पाहिजे. रक्त वाहिन्यांच्या भिंतींवर जो जोर करतें त्यासच रक्तदाब म्हणतात. तो प्रथम मोजला इंग्लंडांतील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें, आणि तोही एका घोडीवर. तिला पाडून बांधून, तिच्या मांडीच्या धमनींत पितळेची नळी बसवून, तिला त्यानें कांचेची लांब नळी उभी जोडली. रक्त त्या नळींत ८ फूट ३ इंच उंच चढलें व ठोक्याठोक्याबरोबर खालींवर होत राहिलें. हा प्रयोग त्यानें १७३३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. मनुष्याच्या धमनींत नळी खुपसण्याची गरज १८९६ पासून उरली नाहीं. त्या सालीं इटलींतील रिवा-रोच्ची यानें दंडास बांधण्याचा, हवेनें फुगणारा पट्टा काढला. १९०५ सालीं रशियांतील कोरोत्कोव्ह यानें पट्ट्याखालीं धमनींतील आवाज कसा ऐकावा हें दाखविलें. आज डॉक्टर जे दोन आंकडे सांगतात ते याच रीतीचे होत. वरचा आंकडा हृदय आकुंचन पावतें त्या क्षणाचा, व खालचा हृदय सैल पडून भरतें त्या क्षणाचा. १२० व ८० मिलिमीटर पारा, किंवा त्याच्या आसपास, हे निरोगी आंकडे समजावे. निरनिराळ्या दिवशीं मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० अगर त्याहून अधिक येत राहिला, तर रक्तदाब वाढला आहे असें समजतात.

हा दाब तीन गोष्टींवर अवलंबून असतो, आणि तिन्ही पाटाच्या पाण्याशीं ताडून पाहतां येतात. पहिली, पंप किती जोरानें व किती पाणी टाकतो. दुसरी, वाफ्यांचीं दारीं किती उघडीं आहेत; दारीं आवळलीं कीं मागें पाणी तुंबून पाटांतील पातळी चढते. तिसरी, मुळांत पाटांत पाणीच किती आहे. पंप म्हणजे हृदय, दारीं म्हणजे बारीक धमन्यांचीं तोंडें, आणि पाणी म्हणजे अंगांतील रक्त. या तीन चाव्या फिरविणारे कारभारी दोन आहेत. एक मज्जातंतु, त्यांचा हुकूम क्षणांत बजावला जातो. दुसरे ग्रंथींतून रक्तांत झिरपणारे रस, ज्यांस संप्रेरकें म्हणतात. त्यांपैकीं कांहींचा अंमल मिनिटांत, तर कांहींचा तासां-दिवसांत बसतो, पण तो टिकून राहतो.

कासरा आणि आसूड

हृदय ठोके घेण्यासाठीं कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीं. बेडकाचें हृदय काढून मिठाच्या योग्य पाण्यांत ठेवलें तरी तें कित्येक वेळ उडत राहतें. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतींत एक इवलासा पुंजका आहे. कीथ व फ्लॅक या दोघां ब्रिटिश संशोधकांनीं तो १९०७ सालीं दाखविला. ठोका तेथें उगम पावतो. हा पुंजका अगदीं मोकळा सोडला तर मिनिटास सुमारें १०० ठोके देतो. मग आपली नाडी विसांव्यांत ७० कां भरते? कारण मेंदूच्या तळाशीं असलेल्या भागांतून निघून मानेंतून छातींत उतरणारा व्हेगस नांवाचा मज्जातंतु हृदयास सदैव आवरून धरतो. हा झाला कासरा. १८४५ सालीं वेबर बंधूंनीं या तंतूस विजेची चेतना देऊन हृदय थांबवून दाखविलें, तेव्हां विद्वानांस मोठा अचंबा वाटला. मज्जातंतु हा अवयवास हलवितो एवढेंच तोंवर ठाऊक होतें, तो आवरूनही धरतो हें नव्हतें.

दुसऱ्या बाजूस पाठीच्या कण्यांतून निघणारे तंतु आहेत. ते हृदयास हांकतात, ठोका जोरदार व जलद करतात, आणि बारीक धमन्यांचीं दारींही आवळतात. हा झाला आसूड. पाटीवर उभ्या सापानें फणा काढला कीं छाती धडधडते, तोंड पांढरें पडतें, हात गार होतात. हा सारा या आसुडाचा परिणाम. कातडीचीं व पोटाचीं दारीं मिटून रक्त स्नायूंकडे वळविलेलें असतें, म्हणजे पळावयास बळ मिळावें.

तंतूचा हुकूम हृदयास पोंचतो कसा, हें ऑटो लोवी यानें १९२१ सालीं ऑस्ट्रियांत सिद्ध केलें. त्यानें बेडकाच्या एका हृदयाचा व्हेगस चेतवून तें मंद केलें, आणि त्याच्या भोंवतालचें पाणी घेऊन दुसऱ्या बेडकाच्या हृदयास घातलें. त्या दुसऱ्या हृदयास कोणीं शिवलेंही नव्हतें. तरी तेंही मंदावलें. म्हणजे तंतूच्या टोंकांतून कांहीं द्रव्य सुटतें व तेंच हुकूम पोंचवितें. या द्रव्यास ॲसिटिलकोलीन म्हणतात. या शोधाबद्दल लोवीस हेन्री डेल यासह १९३६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां हुकूम कोणत्या खबरीवरून निघतो? मानेच्या दोन्ही बाजूंस, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या फांट्यापाशीं, आणि हृदयांतून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानींत, वाहिनीच्या भिंतींत दाबाची खबर ठेवणारे तंतु आहेत. त्यांस आपण पाटकरी म्हणूं. भिंत ताणली गेली कीं ते मेंदूस वर्दी देतात. मग कासरा ओढला जातो, आसूड आवरला जातो, दारीं सैल होतात व दाब उतरतो. दाब घसरला कीं उलट. खुरपणी करतांना बसलेला मनुष्य एकदम उभा राहिला म्हणजे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे व पोटाकडे उतरतें. त्या क्षणीं मेंदूचा वाफा कोरडा पडावयाचा. पण पाटकऱ्याची वर्दी जाते, दोन-चार ठोक्यांत दारीं आवळतात आणि आपणांस कांहींच कळत नाहीं. म्हातारपणीं, तहानेनें किंवा कांहीं औषधांनीं ही चपळाई कमी होते. मग डोळ्यांपुढें अंधारी येते. अशांनीं आधीं बसावें, मग काठीच्या आधारानें सावकाश उठावें.

फवारणीचें विष कासऱ्यास धरतें

हें द्रव्याचें ज्ञान केवळ विद्वानांच्या उपयोगाचें नाहीं. ॲसिटिलकोलीन आपलें काम करून झालें कीं एक पाचकरस त्यास तत्काळ मोडून टाकतो, म्हणून कासरा ओढला तसा सैलही होतो. कापसावर, भाजीपाल्यावर मारावयाचीं कित्येक कीटकनाशकें, विशेषतः ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचीं, त्या पाचकरसासच निकामी करतात. किडीच्या अंगांत तें होतें तसेंच फवारणाऱ्याच्याही अंगांत होतें. कारण दोघांचीही ही घडण एकाच प्रकारची. मग द्रव्य सांचत जातें. तोंडास लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतें, दरदरून घाम फुटतो, बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात, छाती कफानें भरते, मळमळ व जुलाब होतात, स्नायू फडफडतात. नाडी मंद होते, तर कांहींची आरंभीं उलट जलदही चालते. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना शेंकडों शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें रुग्णालयांत गेले आणि वीसहून अधिक दगावले, हें आपण विसरूं नये.

अशीं लक्षणें दिसतांच माणसास शेतांतून बाहेर मोकळ्या हवेंत आणावें, अंगावरचे कपडे उतरवावे, अंग व केंस साबणपाण्यानें धुवावे, आणि औषधाच्या डब्यासह त्यास रुग्णालयांत न्यावें. धुणारानेंही हातांत रबरी मोजे घालावे. डॉक्टर ॲट्रोपीन टोंचतात. तें ॲसिटिलकोलीनची वाट अडवून कासरा सोडवितें. हें ॲट्रोपीन धोतऱ्याच्या जातींतही असतें, पण म्हणून कोणीं घरीं धोतरा उगाळून देऊं नये. त्याचें प्रमाण झाडागणिक बदलतें, आणि एका विषावर दुसरें चढावयाचें.

ग्रंथींचा संथ कारभार

आतां दुसऱ्या कारभाऱ्याकडे वळूं. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथि असते. तिच्या अर्कानें रक्तदाब झपाट्यानें चढतो हें ऑलिव्हर व शेफर यांनीं १८९४ च्या सुमारास दाखविलें, आणि १९०१ सालीं जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकामिने यानें त्यांतील द्रव्य शुद्ध रूपांत मिळविल्याचें जाहीर केलें. तेंच ॲड्रिनलीन. भय, क्रोध, कष्ट, थंडी यांच्या वेळीं तें रक्तांत सुटतें व आसुडाच्या कामास हातभार लावतें. तंबाखू मळून तोंडांत टाकली किंवा मिश्री लावली म्हणजे जी तरतरी वाटते, तींतही निकोटीन या आसुडास व या ग्रंथीसच डिवचतें, आणि नाडी व दाब दोन्ही चढतात.

तंतु व रस यांचें काम निरनिराळें आहे हें एका शस्त्रक्रियेनें स्पष्ट झालें. १९६७ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउन येथें ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं एका मनुष्याचें हृदय दुसऱ्याच्या छातींत प्रथम बसविलें. तेव्हांपासून असे हजारों रोगी जगले आहेत. बसविलेल्या हृदयाचे तंतु तुटलेले असतात. म्हणून तें विसांव्यांतही मिनिटास ९०-१०० ठोके घेतें; कासराच नाहीं. तो मनुष्य जिना चढूं लागला तर त्याचें हृदय लगेच वेग घेत नाहीं. कांहीं मिनिटांनीं, ॲड्रिनलीन रक्तावाटे पोंचलें म्हणजे घेतें.

परंतु दीर्घकाळचा खरा कारभारी मूत्रपिंड होय. तो पाटाचा सांडवा आहे. अंगांत किती पाणी व मीठ ठेवावें आणि किती सोडावें हें तो ठरवितो. त्यास येणारा ओघ कमी पडला कीं तो रेनिन नांवाचा रस सोडतो. हा रस टिगरस्टेट व बर्गमन यांस १८९८ सालीं सशाच्या मूत्रपिंडांत सांपडला. रेनिनपासून पुढें अँजिओटेन्सिन तयार होतें. तें बारीक धमन्यांचीं दारीं करकचून आवळतें, तहान लावतें, आणि टोपीच्या ग्रंथीकडून अल्डोस्टेरोन सोडवितें. या तिसऱ्या रसानें मूत्रपिंड मीठ धरून ठेवतें, आणि मिठामागें पाणी राहतें. मेंदूखालील पोषग्रंथीही एक रस सोडून लघवी कमी करविते. उलट, पाणी फार झालें म्हणजे हृदयाचे ताणलेले कप्पे स्वतःच एक रस सोडून मूत्रपिंडास मीठ बाहेर टाकावयास लावतात; हें द बोल्ड यांनीं कॅनडांत १९८१ सालीं दाखविलें. पंप स्वतः सांड उघडावयास सांगतो, इतकी ही व्यवस्था सुजाण आहे.

वैशाखांत उन्हांत कष्ट करणाऱ्याच्या अंगांतून तासाला लिटरभरही घाम जाऊं शकतो. त्या वेळीं हेच रस त्यास उभें ठेवतात. लघवी थोडी व गडद होणें हें त्यांच्या धडपडीचें चिन्ह आहे, आणि तें दिसतांच सावलींत बसून पाणी प्यावें. जुलाब-उलट्या होत असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ मिसळून थोडें थोडें पाजावें.

मात्र एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. ही व्यवस्था नुकसान झांकते. मळणीयंत्रांत हात सांपडून रक्त जाऊं लागलें तर तरुण धट्ट्याकट्ट्या माणसाचा दाब सुमारें तिसरा हिस्सा रक्त जाईपर्यंत टिकून राहूं शकतो. मग एकदम कोसळतो. तोंवर तो "मला कांहीं झालें नाहीं" असें म्हणत असतो. म्हणून त्याच्या म्हणण्याकडे न पाहतां जखम दाबून धरावी, आणि नाडी जलद, अंग गार व घामट, तोंड फिकें, या खुणांकडे पाहावें.

पाटकऱ्याची खूण सरकते

येथवर वाचून कोणी म्हणेल, इतके पहारेकरी असतांना रक्तदाब वाढतोच कसा? आमच्या मतें सर्व लेखाचें सार या प्रश्नाच्या उत्तरांत आहे.

मानेंतील पाटकरी अचानक होणाऱ्या फरकाचा पहारा करतो. सावकाश होणाऱ्या फरकाचा नाहीं. दाब चढून कांहीं दिवस तसाच राहिला कीं तो नव्या पातळीसच नेहमींची पातळी समजतो, आणि पुढें तीच राखतो. त्याची खूणच वर सरकते. पाणी रोज केंसभर चढत गेलें तर बांधावर बसलेल्या रखवालदारास तें दिसत नाहीं, तसेंच हें. मूत्रपिंडाचीही फसगत होते. १९३४ सालीं अमेरिकेंत हॅरी गोल्डब्लॅट यानें कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीस चिमटा लावून ती अरुंद केली. बिचाऱ्या मूत्रपिंडास वाटलें, अंगांतच दाब नाहीं. त्यानें आपले रस सोडून साऱ्या देहाचा दाब वाढविला व तो वाढताच ठेवला. चारीच्या तोंडाशीं धोंडा अडकला असतां शेतकऱ्यानें पंपाचा जोर वाढवावा, त्यासारखेंच झालें. मनुष्यांत बहुधा असा एक धोंडा दाखवितां येत नाहीं. आनुवंशिकता, वाढतें वय, मिठाचा अतिरेक, लठ्ठपणा, दारू, बसून राहणें, हीं सारीं कारणें मिळून खूण सरकवितात. चढत्या दाबानें धमन्यांच्या भिंती जाड होतात, जाड भिंतींनीं दारीं अरुंद होतात, अरुंद दारांनीं दाब आणखी चढतो.

आणि या सर्व काळांत मनुष्यास बहुधा कांहींच वाटत नाहीं. ना डोकें दुखतें, ना चक्कर येते.

आतां आमची हकीकत. नोकरींत असतां एका आरोग्य शिबिरांत आमचा रक्तदाब १६८ व १०२ भरला. दुसऱ्या व तिसऱ्या वेळींही तितकाच. गोळ्या चालू झाल्या. चार महिन्यांनीं तो १३० व ८४ वर आला. आयुष्य महसुलाच्या वह्यांत गेलेलें. आम्हीं मनांत म्हटलें, थकबाकी फिटली, खातें बंद. गोळ्या सोडल्या. पुढें अकरा महिने आम्हांस उत्तम वाटत होतें, आणि उत्तम वाटतें हाच आमचा पुरावा होता. मार्चअखेरच्या वसुलीच्या गर्दींत, सकाळीं साडेअकराच्या सुमारास, रकमेची बेरीज लिहितांना उजव्या हातांतून लेखणी गळाली. उचलूं गेलों तर बोटें मिटेनात. शिपायास हांक मारली ती तोंडांतून वेडीवांकडी बाहेर पडली. त्यानें आमच्या तोंडाकडे पाहिलें, एक बाजू ओघळलेली दिसली, आणि विचारीत न बसतां गाडी आणविली. दीड तासांत रुग्णालय गांठलें. मेंदूच्या वाहिनींत गुठळी अडकली होती. अशी गुठळी विरघळविण्याचें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. तें आम्हांस वेळेंत मिळालें. त्या शिपायाचे आम्ही जन्माचे ऋणी आहों. हा लेख त्याच हातानें लिहिला आहे. फक्त ज्या वळणदार अक्षराचा आम्हांस अभिमान होता तें आतां राहिलें नाहीं.

चूक कोठें झाली तें वाचकांनीं ओळखलें असेल. गोळ्यांनीं दाब उतरला होता. खूण सरकविणारें मूळ कारण गेलें नव्हतें. सारा हिशेब तारखेवार चालू असतां आम्हीं चालू खात्यास फिटलेलें खातें समजलों.

गोळ्या कोठें काम करतात

या औषधांचा इतिहास शेतकऱ्यांस रुचण्यासारखा आहे, कारण त्याचीं मुळें रानांत आहेत. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग आपल्या देशांत पूर्वापार होता. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं ती वाढलेल्या रक्तदाबावर तपासून १९४९ सालीं इंग्लंडांतील हृदयरोगांच्या नियतकालिकांत आपला अनुभव प्रसिद्ध केला, आणि सर्व जगाचें लक्ष तिकडे वळलें. १९५२ सालीं मुळींतील रेसर्पीन हें द्रव्य स्वित्झर्लंडांत वेगळें काढण्यांत आलें. तें तंतूंच्या टोंकांतील आसुडाचा सांठा रिकामा करतें. त्यानें मन खिन्न होण्याचा दोष आढळला व पुढें चांगलीं औषधें निघालीं, म्हणून आज तें क्वचितच देतात. घरीं मुळी उकळून पिणें तर अगदींच धोक्याचें. ब्राझीलमधील जराराका या विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासांतून अँजिओटेन्सिन तयार होऊं न देणारें कॅप्टोप्रिल निघालें; १९८१ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली.

हल्लींच्या गोळ्या याच तीन चाव्यांवर काम करतात. कांहीं अँजिओटेन्सिनचा मार्ग अडवितात, कांहीं बारीक धमन्यांचे स्नायू सैल करून दारीं उघडतात, कांहीं लघवीवाटे मीठपाणी काढतात, कांहीं हृदयावरचा आसूड आवरतात. म्हणून एकास दिलेली गोळी दुसऱ्यानें घेऊं नये, आणि दाब चांगला आला म्हणून कोणीं ती आपल्या मनानें सोडूं नये. कडक उन्हाळ्यांत किंवा जुलाब-उलट्यांत अंग कोरडें पडलें असेल तर मात्र त्याच दिवशीं डॉक्टरांस विचारावें. त्या वेळीं कांहीं गोळ्या कमी कराव्या लागतात. गुडघेदुखी-कंबरदुखीसाठीं दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने खाणें हेंही घातक आहे. त्यांतील बऱ्याच मीठ धरून दाब वाढवितात व मूत्रपिंडास इजा करतात.

मिठाविषयीं जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढास दिवसाकाठीं ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सुमारें एक चहाचा चमचाभर अशी आहे, आणि त्यांत लोणचें, पापड, खारे दाणे, फरसाण यांतील मीठही धरावयाचें. भाकरीशीं वाटीभर लोणच्याचा खार घेणाऱ्यांनीं आपला हिशेब आपणच करावा.

संघास एक विनंती

मोजल्यावांचून कळत नाहीं, हा या लेखाचा एका ओळीचा अर्थ. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब मोजून मिळतो व गोळ्याही मिळतात. पण निरोगी वाटणारा शेतकरी तेथें जातच नाहीं. तो बियाण्यास, खतास व सभेस मात्र आपल्या संघांत येतो. म्हणून आमची सूचना अशी कीं, संघाच्या कचेरींत दंडास बांधावयाचें एक चांगलें रक्तदाबमापक ठेवावें, आणि सभेच्या दिवशीं आरोग्यसेवकाकडून तिशीपुढील प्रत्येक सभासदाचा, व त्याच्या घरच्या बायामाणसांचाही, रक्तदाब मोजून वहींत मांडावा. मोजण्यापूर्वीं अर्धा तास चहा, तंबाखू नसावी, पांच मिनिटें पाठ टेकून स्वस्थ बसावें, दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, बोलूं नये, थोड्या अंतरानें दोनदां मोजावें. आंकडा जास्त आल्यास घाबरूं नये, पुन्हां दुसऱ्या दिवशीं मोजावा, आणि तरीही जास्त असेल तर डॉक्टर गांठावा.

वही आम्ही ठेवूं. अक्षर तितकेंसें सुबक येणार नाहीं, पण आंकडे वाचतां येतील.